मायला न लागणारी गाडी

आमच्या मायला गाडी लागते. लागते म्हणजे अशी लागते, की एसटीचा हॉर्न ऐकला तरी ती पदराचा बोळा तोंडाशी धरते. पालीहून बीडला दवाखान्यात जायचं तर असा कितीसा रस्ता? पण ती आदल्या संध्याकाळपासून जेवण सोडणार, लिंबू हुंगणार, ओव्याची पुरचुंडी कनवटीला लावणार, आणि एवढा सगळा बंदोबस्त करून बसमध्ये चढली की पहिल्याच वळणावर खिडकी शोधणार. एकदा मी तिला घेऊन केजकडे निघाले होते. नेकनूरच्या अलीकडेच आम्हाला उतरावं लागलं. रस्त्याकडेच्या बाभळीखाली तिला आडवी करून मी तोंडावर पाणी मारत बसले, तर डोळे न उघडताच ती म्हणाली, "मंजे, आता मला गाडीत घालायचं ते मेल्यावरच घाल."

असं बोललेलं मला खपत नाही. मी तिथेच तिच्यावर ओरडले, मग रडले, आणि मग एका टँकरवाल्याला थांबवून पाणी मागितलं.

यातली गंमत अशी, की हीच बाई उमेदीची सगळी वर्षं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कर्नाटकापर्यंत ऊस तोडायला जायची. खाली भांडीकुंडी आणि ज्वारीची पोती, त्यावर गोधड्या, गोधड्यांवर आम्ही पोरं, कडेला पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि मागच्या फळीला टेकून माय आणि छबुमावशी. तेव्हा तिला साधी मळमळ झालेली मला आठवत नाही. उलट बाकीचे पेंगायला लागले की या दोघींच्या गप्पांना ऊत यायचा.

छबुमावशी ही मायची थोरली बहीण, युसूफ वडगावला दिलेली. मावशीचा नवरा काविळीने लवकरच गेला होता. त्यानंतर आमचे वडील, त्रिंबक, तापाचं निमित्त होऊन गेले. मी तेव्हा तिसरीत होते आणि अजिनाथदादाला नुकतंच मिसरूड फुटलं होतं. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम टोळीत घेत नाही. आमच्या टोळीचा मुकादम बंकट. वडिलांच्या मागे पहिला दसरा झाला तसा तो दारात येऊन खाली मान घालून म्हणाला, "भिवरावयनी, माझा इलाज न्हाई."

बोलली ती मावशी. ती वडगावहून बोचकं घेऊनच आली होती.

"आमी दोघी मिळून एक कोयता," ती म्हणाली.

"दोन बायांचा कोयता कुठं असतो व्हय?"

"नव्हता. आता हाय."

"आन मोळी कोण चढवंल ट्रॉलीवर?"

"ही माझ्या डोक्यावर दील, मी हिच्या डोक्यावर दीन. तू कावून घाबरतोस?"

बंकटने बराच वेळ डोकं खाजवलं. शेवटी त्याने दोघींना घेतलं, आणि दादाला आपल्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून ठेवलं. अशी आमची सगळीच वरात त्या ट्रॅक्टरच्या मागे लागली.

मला त्या दिवसांचं कौतुक सांगायचं नाही. पाचटाने चिरलेले पाय, उसात साप, तापाने फणफणलेलं पोर बांधावर ठेवून तोडत राहणाऱ्या आया, हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. कुणी त्या कोप्यांचे फोटो काढून 'किती साधं सुंदर जीवन' असं म्हणालं की माझं टाळकं फिरतं. त्याला एक हंगाम पाचटाच्या झोपडीत ठेवावं असं वाटतं. तरीही खोटं कशाला बोलू? मला ते दिवस आठवतात. आमची आणि मावशीची कोपी शेजारी शेजारी असायची आणि चूल एकच. गुळाच्या चहाचा वास, मावशीच्या हातचा लसणाचा ठेचा, आणि दोघी बहिणी एकाच परातीत भाकरी चुरून खाताना उगाचच हसायच्या तो आवाज. कशाला हसतात ते आम्हाला कधी कळलं नाही. विचारलं तर आणखी हसायच्या.

पुढे दादाने पालीच्या वरच्या माळावर सीताफळं लावली. ती धरली, चार पैसे दिसू लागले, मी बीडला नोकरीला लागले. एका दसऱ्याला दादाने खंडोबाची आण घेऊन सांगितलं, "आता माय ट्रॉलीत बसायची न्हाई. कवाच न्हाई." आम्ही सगळे किती खूश झालो! वहिनीने पुरणपोळ्या केल्या.

पण एक गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नाही. या दोघींना जोडणारी ती ट्रॉलीच होती. वर्षातले सहा महिने एका चुलीवर जेवणाऱ्या बहिणी एकदम दोन तालुक्यांत जाऊन पडल्या. मायला बस चालेना. मावशी अंगणात घसरून पडली, खुबा मोडला, ती काठीवर आली. मग आम्ही मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून द्यायला लागलो. पण दोघी फोन कानाला लावायच्या. कितीही सांगा, फोन कानालाच. त्यामुळे इतक्या वर्षांत दोघींना एकमेकींचे फक्त कान दिसले.

"छबीच्या कानात फुलं न्हाईत आता," एकदा फोन ठेवून माय म्हणाली.

गेल्या दिवाळीत दादाने गाडी घ्यायचं काढलं. नवी परवडणारी नव्हती, जुनीच बघायची होती. कारणं सगळी व्यवहाराची होती. रोहिणीचं, म्हणजे त्याच्या मुलीचं, बीडला कॉलेज सुरू झालं होतं. हंगामात सीताफळांची कॅरेटं न्यायची असायची. सत्यशीलावहिनीला माहेरी जाताना दोनदा बस बदलावी लागायची. हे सगळं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. मी बीडला परत निघाले तेव्हा मात्र फाट्यापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "मंजे, मायला मावशीकडं न्यायचंय. दोघींतली कोन आधी जाईल सांगता येत न्हाई. तिला सोसंल अशी गाडी पायजे."

मी म्हटलं, "अशी गाडी अजून कुणी काढली नसंल, दादा."

"बघू की," तो म्हणाला.

मग सुरू झाल्या ट्रायली. बीडच्या जालना रोडवर अभिमन्यू नावाच्या एका हसतमुख माणसाचा जुन्या गाड्यांचा धंदा आहे. त्याला दादाने अट घातली, गाडी पालीला आणायची, माझी माय मागं बसंल, बिंदुसरेच्या धरणापर्यंत जायचं आणि यायचं. माय जशीच्या तशी परत आली तर सौदा. अभिमन्यूला वाटलं, किती सोपं गिऱ्हाईक आहे.

पहिली आली ती पुढाऱ्यांची असते तसली पांढरी, उंच, सात जणांची गाडी. शिटा अशा मऊ की माणूस आत रुतून जावा. वहिनी हरखली. माय मात्र धरणाच्या अलीकडेच "थांबीव, थांबीव" म्हणत दारातून अर्धी बाहेर आली. दुसरी आली तिच्यात अभिमन्यूने कौतुकाने अत्तराची बाटली टांगली होती. त्या गाडीने तर अंगणही ओलांडलं नाही. तिसऱ्या वेळी मायला पुढे बसवलं, चौथ्या वेळी उपाशी बसवलं, पाचव्या वेळी गोळी देऊन बसवलं. परिणाम एकच. अभिमन्यू मग प्रत्येक गाडीसोबत प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठाच आणायला लागला.

"आत्याबाई, तुमी मुद्दाम तर करत न्हाई ना?" वहिनीने एकदा वैतागून विचारलं.

"मुद्दाम कोन ओकतंय गं?" माय म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. गाडी घ्यायची कशासाठी, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण ते तिला कधीच कळलं होतं.

आणि मग एका रविवारी दादा स्वतःच एक गाडी चालवत आला. मी घरीच होते. काळी कुळकुळीत, रुंद चाकांची, जमिनीला पोट टेकतंय की काय अशी बुटकी स्पोर्ट सेडान. मागे पत्र्याचा पंख. आवाज असा, की गोठ्यातली गाय दाव्याला हिसके द्यायला लागली. शेजारी अभिमन्यू अवघडून बसला होता.

मी काही मनात ठेवणारी बाई नाही. म्हटलं, "दादा, पन्नाशी आली. ही काय कॉलेजच्या पोरांसारखी गाडी आणलीस?"

"नुसती बघायला आणलीय."

"उंच गाड्यांत जी बाई टिकली नाही, ती हिच्यात टिकंल होय?"

"मायसाठी न्हाई आणली," तो जरा ओशाळून म्हणाला. "मलाच एकदा चालवायची व्हती."

आमच्या दादाने जवानी दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढण्यात घालवली. घाटात त्याला सायकलवालेसुद्धा मागे टाकायचे. अशा बुटक्या गाड्या शेजारून सूं करून जायच्या, आणि हा त्यांच्या मागच्या लाल दिव्यांकडे वळणापर्यंत बघत राहायचा. ट्रॉलीतून मला त्याची मान वळताना दिसायची. पोरीचं कॉलेज, कॅरेटं, माय, या सगळ्यांत त्याची स्वतःची हौस म्हणून ही एवढीच होती.

पण वहिनी सोडते थोडीच! "खाली वाकून बसायचं, वर वढून काढायचं. गतिरोधकावर पोट घासंल. आन अंग कसं आदळतंय हिच्यात, मला बसल्या बसल्या कळालं."

"आदळत न्हाई वयनी," अभिमन्यू म्हणाला, "सस्पेन्शन कडक हाय. रस्त्याला धरून पळती."

"आमच्यात त्याला आदळणंच म्हणत्यात."

रोहिणी मात्र गाडीभोवती फिरून फोटो काढत होती आणि "पप्पा, हीच घ्या" म्हणून नाचत होती. असं सगळं चाललं असताना माय गोठ्याकडून आली. बराच वेळ उभं राहिलं की तिचे गुडघे दुखतात. मागचं दार उघडं होतं, आणि शीट आमच्या ओट्यापेक्षाही खाली. ती सरळ जाऊन पाय बाहेर ठेवून त्यावर टेकली, आणि आमचं भांडण ऐकत बसली. जरा वेळाने पाय आत घेतले.

"चल रं अजिनाथ," ती म्हणाली. "आलीच हाय दारात तर धरणापतूर बघू."

मी पिशवी घेऊन तिच्या शेजारी बसले, अभिमन्यू पुढे. गल्लीतून रस्त्याला लागताना दादाने गाडी एवढी लांबून वळवली, की समोरच्या टपरीची बाकडी थोडक्यात वाचली.

"अहो, मागं काय जोडलंय का?" अभिमन्यू ओरडला.

दादा कसंनुसं हसला. ट्रॉली नसली तरी त्याचे हात अजून दोन ट्रॉल्यांचंच वळण घेतात. पुलावर चढला की तो मागे वळूनही बघतो, दोन्ही ट्रॉल्या आल्या का म्हणून. त्या दिवशीही त्याने बघितलं. मागे माय आणि मी होतो.

रस्त्यावर खडी उखडलेली होती. गाडी खाड खाड वाजत होती, माझी कंबर बोलायला लागली. मी पिशवी उघडून तयार धरली आणि मायकडे बघितलं. तिने काच खाली केली होती आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून ती बाहेर बघत होती. तोंडाशी पदर नव्हता.

धरण आलं. दादाने गाडी थांबवली.

"थांबलास कावून?" माय म्हणाली. "चल की पुढं."

आम्ही तिघेही वळून तिच्याकडे बघायला लागलो.

"माय, मळमळत न्हाई का?" मी विचारलं.

"न्हाई बाई. त्या पांढऱ्या गाडीत खड्डा कवा येतो, कवा जातो, काय बी कळत न्हाई. जीव नुसता वरच्या वर हेलकावतो. हिच्यात खडा न् खडा कळतो. ट्रॉलीवानी हाय बघ अगदी."

अभिमन्यूने आनंदाने टाळी वाजवली. दादाचा मात्र चेहरा उतरला. इतक्या हौसेची गाडी, तिच्यात आयुष्यात पहिल्यांदा बसलेला तो, आणि मायला तिच्यात सापडली ती ट्रॉलीच. ज्या ट्रॉलीत तिला पुन्हा बसवणार नाही म्हणून आण घेतली होती, तीच. दारात आल्यावर दोन्ही हातांनी मायला वर ओढून काढलं, तिचा पदर नीट केला, आणि अभिमन्यूला म्हणाला, "ठेवून जा."

आता ती गाडी आमच्या घरात रुळली आहे. गतिरोधकावर दादा ती तिरकी घालतो. अंगणापर्यंतच्या वाटेवर त्याने स्वतः मुरूम टाकून पाणी मारून तो धुमसून सपाट केला. डिकीत सीताफळाची कॅरेटं बसतात आणि पंखावर वहिनी कधी कधी कुरडया वाळवते. रोज सकाळी रोहिणी तिच्यातून कॉलेजला जाते तेव्हा बसस्टँडवरची पोरं वळून बघतात. पण आत बसलेला ड्रायव्हर ती ज्या बेताने चालवतो ते बघून त्यांचा पार हिरमोड होत असणार.

युसूफ वडगावला आम्ही गाडी आली तशी लगेच, नोव्हेंबरअखेरीला निघालो. मुद्दाम दूरचा मुहूर्त धरला नाही, मायचं मन फिरण्याआधी निघायचं होतं. ऊसतोडीला जाणाऱ्यांचे ट्रॅक्टर सोलापूरच्या दिशेने लागलेच होते. मांजरसुंब्याच्या अलीकडे एका ट्रॉलीच्या मागे आम्ही आलो. मागच्या फळीला टेकून बाया बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर करडू होतं. रस्ता मोकळा होता, पण दादा बराच वेळ पुढे निघाला नाही. माय त्या बायांकडे बघत होती. त्यांतल्या एकीने हात हलवला, तिनेही हलवला.

मांजरसुंब्यावरून केजकडे वळल्यावर मला धाकधूक होती. हाच तो रस्ता. नेकनूर जवळ आलं तसा मायच्या कपाळावर घाम दिसला. मी घाईने पिशवी पुढे केली. तिने ती बाजूला सारली.

"ती न्हाई गं," ती म्हणाली. "छबी मला वळखंल का, ह्याचा घोर लागलाय."

मावशी दारातच बसली होती. सकाळपासून तिथून हलली नव्हती म्हणे. गाडी समोर थांबली, दार उघडलं. माय उतरायला धडपडू लागली तशी मावशीने काठी वर केली.

"उतरू नको. मीच येते."

मावशीच्या सुनेने आणि मी धरून तिला आत बसवलं. दोघी शेजारी शेजारी बसल्या. मग मावशीने मायचा हात ओढून घेतला, तळवा उघडला आणि त्यावरून अंगठा फिरवला.

"हात मऊ पडले की गं तुझे, भिवरे."

"तुझे बी."

"घट्टे गेले सगळे."

"जाऊ दे, मेले."

आणि दोघी हसायला लागल्या. तेच हसू. मी आता पुढच्या शिटावर होते. मला मागे बघवेना, म्हणून मी काचेतून बाहेर बघत रडून घेतलं. चहा आला तोही दोघींनी गाडीतच घेतला. सून "आत चला की" म्हणून दोनदा सांगून गेली. कुणी हललं नाही.

कपबशी परत देऊन मावशीने पदराने तोंड पुसलं आणि पाठ टेकवली. "घे रं अजिनाथ, गाडी घे."

"कुठं नेऊ, मावशी?"

आयुष्यभर या दोघी बसल्या की गाडी मुकादम सांगेल तिकडे गेली होती. हा प्रश्न त्यांना विचारायचा असतो, हेच त्यांच्या गावी नव्हतं. त्यांनी एकमेकींकडे बघितलं.

"जिथं ऊस न्हाई, तिकडं ने," मावशी म्हणाली.

दादाने गाडी काढली. पण त्या भागात आता ऊस कुठे नाही? धरणाचं पाणी पोचलंय तिथवर रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊसच उभा. दरवेळी नवा फड दिसला की मावशी म्हणायची, "हितं न्हाई." मायही म्हणायची, "हितं बी न्हाई." केज गेलं, नेकनूर गेलं, मांजरसुंबा आला. तिथून घराच्या वाटेवर थोडं पुढे येऊन दादाने कपिलधारच्या फाट्याला गाडी आत घेतली. डोंगर जवळ आले. उतारावर साग होता, रानातली सीताफळं होती, खाली कुठेतरी पाणी पडल्याचा आवाज होता. ऊस नव्हता.

"हां. हितं थांब," मावशी म्हणाली.

दादाने इंजिन बंद केलं. माय खिडकीतून वर डोंगराकडे बघत राहिली. "इतके हंगाम ह्याच फाट्यावरून गेलो गं आपण, छबे. लोकं म्हणायची, आत लई चांगलं हाय. आपण बघितलंच न्हाई."

"थांबलोच न्हाई तर बघणार कुठून?"

दादाचे हात अजून स्टिअरिंगवरच होते. "ट्रॅक्टर तर मीच चालवीत व्हतो, मावशी," तो म्हणाला. "एकदा तरी थांब म्हणायचं व्हतं मला."

मावशी कष्टाने पुढे सरकली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुला तरी कुठं थांबता येत व्हतं, लेकरा," ती म्हणाली.